सिंगापूर, गुरुवार ते रविवार

सिंगापूरची सहल बहुतेक जण ठिकाणांच्या यादीवरून आखतात. युनिव्हर्सल स्टुडिओला एक दिवस, सेंटोसा बेटाला एक, नाइट सफारीला एक संध्याकाळ, आणि उरलेल्या वेळात ‘लिटल इंडिया, चायनाटाउन उरकून घेऊ’. मग दुपारी दीड वाजता माणसं घामाघूम होऊन मारिअम्मनच्या देवळासमोर उभी राहतात आणि दार बंद असतं. देऊळ बाराला मिटलेलं, ते सहाला उघडणार. शुक्रवारी सुलतान मशिदीपाशी जावं तर पाहुण्यांना प्रवेश नाही. ज्या टपरीसाठी लांबून आलो तिची नेमकी सोमवारची सुट्टी.

शहर एवढंसं आहे, त्यामुळे अंतरं कुणाला अडवत नाहीत, अडवतात त्या वेळा. तमिळ देवळं, मलय मशिदी, चिनी बाजार, कचेऱ्यांची जेवणवेळ, प्रत्येकाचं घड्याळ निराळं. ती घड्याळं आधी मांडली की यादी आपोआप जुळते. खालचे चार दिवस त्या हिशेबाने बसवलेत: गुरुवारी सकाळी उतरायचं, रविवारी रात्री परतीचं विमान. मशिदीला गुरुवार, कारण शुक्रवार बंद. संग्रहालयाला शुक्रवार, कारण ते त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. लिटल इंडियाला शनिवारची सकाळ, कारण रविवारी तिथे सुट्टीवर आलेल्या हजारो कामगारांची गर्दी असते आणि पदपथावर पाय ठेवायला जागा नसते. सोमवार मुळातच टाळलाय.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अर्ज बहुधा मान्यताप्राप्त एजंटामार्फत जातो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटाचे पैसे वेगळे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. अर्ज अडतात ते बहुतेक फोटोवरून. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चकाकी नसलेला, तीन महिन्यांच्या आतला असावा लागतो. घरात पडलेला जुना फोटो चालत नाही, तेव्हा स्टुडिओत माप सांगूनच काढावा. व्हिसा हातात आला तरी काम संपत नाही. ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत भरायचा असतो आणि तो पूर्ण फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात वरच दिसतात, तिथून बाहेर पडावं.

बॅग भरताना आपल्याकडच्या लोकांची एक चूक हमखास होते: खसखस. सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. पुडी तर नेऊ नयेच, पण तिथल्या नातेवाइकांसाठी खसखशीवर थापलेले अनारसे किंवा खसखस घातलेला गोडा मसालाही घरीच ठेवावा. गुटखा, खैनी, जर्दा आणि व्हेप यांना बंदी आहे. च्युइंग गम १९९२ पासून आणता येत नाही. सिगारेटच्या एका पाकिटालाही करातून सूट नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध लागत असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

पैशांचं: मेट्रो आणि बसला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड सरळ टेकवता येतं. वेगळं तिकीट लागत नाही. मात्र आपल्या बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘टॅप’ अशी दोन बटणं निरनिराळी असतात. एक चालू आणि दुसरं बंद राहिलं की चांगी विमानतळावर मेट्रोच्या फाटकाशीच लाल दिवा लागतो. परदेशी कार्डावर प्रवासाच्या प्रत्येक दिवशी ६० सेंट जादा पडतात. माणशी एक कार्ड हवं, एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. आत जाताना कार्ड टेकवलं तर बाहेर पडतानाही कार्डच टेकवायचं. तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी यंत्राच्या दृष्टीने ते दुसरं कार्ड असतं, आणि दोन अर्धवट प्रवासांचे पैसे जातात. बसमधून उतरताना टेकवायला विसरलात तर बस जाईल तिथपर्यंतचं भाडं. हे सगळं नको असेल तर स्टेशनवर दहा डॉलरला ईझी-लिंक कार्ड मिळतं, त्यात पाच डॉलर वापरायला असतात. शिवाय दोन, पाच आणि दहाच्या नोटा मिळून माणशी शंभरेक डॉलर रोख ठेवावेत. बऱ्याच टपऱ्या रोख किंवा तिथल्या बँकांचा क्यूआर एवढंच घेतात.

मुक्काम बुगिस स्टेशनच्या चालत्या अंतरावर घ्यावा. ऑर्चर्ड रोड नको, सेंटोसा तर मुळीच नको. बुगिसला हिरवी आणि निळी अशा दोन लाइनी मिळतात. निळीवर एका बाजूला दुसरं स्टेशन लिटल इंडिया, पाचवं बोटॅनिक गार्डन्स. दुसऱ्या बाजूला दुसरं बेफ्रंट, चौथं तेलोक आयर, पाचवं चायनाटाउन. हिरवी विमानतळाकडे जाते. खोली घेताना एक शब्द वाचायचा: ‘विंडोलेस’. स्वस्त हॉटेलांत खिडकी नसलेल्या खोल्या सर्रास विकतात. फोटोत पडदा दिसतो, पडद्यामागे भिंत असते.

गुरुवार: वॉटर्लू स्ट्रीट आणि कांपोंग ग्लाम

मुंबईहून रात्री निघणारी विमानं सकाळी सात-आठच्या सुमारास उतरतात. घड्याळ अडीच तास पुढे. विमानतळाला लागूनच ज्यूएल हा मॉल आहे, तिथला चाळीस मीटर उंचीचा धबधबा पाहायला लोक बॅगा ओढत जातात. पण पाणी सुरू होतं दहा-अकराला, त्यामुळे सकाळी तिथे भलंमोठं काचेचं छत आणि बंद दुकानंच दिसतात. ज्यूएल रविवारसाठी ठेवावं.

मेट्रो टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. तानाह मेराहला गाडी बदलायची, हिरव्या लाइनीने बुगिस. गाडीत खाणं-पिणं मना, दंड ५०० डॉलरपर्यंत. बाटलीतलं पाणीही त्यातच मोडतं. खोली दोन-तीनच्या आधी मिळत नाही. बॅगा काउंटरवर ठेवून तोंड धुवायचं आणि दहाच्या आत बाहेर पडायचं.

पहिलं ठिकाण पाच-सात मिनिटांवर, वॉटर्लू स्ट्रीट. पर्यटकांच्या गाड्या इथे फारशा थांबत नाहीत, आणि सिंगापूर म्हणजे काय ते या शंभर पावलांइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. एका अंगाला करुणेची देवी क्वान इमचं चिनी देऊळ, १८८४ चं. त्याच्या शेजारी श्रीकृष्णाचं देऊळ, १८७० चं. क्वान इमला हात जोडून झालेले चिनी भाविक चार पावलं पुढे येऊन कृष्णापुढेही उदबत्त्या लावतात. तमिळ पद्धतीच्या देवळाच्या दारात चिनी धाटणीचं मोठं धूपपात्र त्यांच्यासाठीच ठेवलंय. याच रस्त्यावर १८७८ चं यहुद्यांचं सिनेगॉगही आहे.

क्वान इमच्या देवळात फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. एका बाजूला उभं राहून नुसतं पाहावं. गालिच्यावर गुडघे टेकलेली बाई बांबूच्या काड्यांचं नळकांडं दोन्ही हातांत धरून तिरकं हलवत असते, चटचट आवाज येतो. काड्या हळूहळू वर सरकतात आणि एकच खाली पडते. तिच्यावर आकडा असतो. मग अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला की देवाचा होकार, आणि त्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. कोकणात देवाला कौल लावताना पाहिलंय त्याला इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

कृष्णाचं देऊळ बारा-साडेबाराला बंद होतं, म्हणून आधी ते. जेवायला रस्त्याच्या टोकाशी अल्बर्ट सेंटर. हे हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या पुष्कळ टपऱ्या. त्याची रीत इथेच शिकून घ्यावी, पुढचे तीन दिवस उपयोगी पडते. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं म्हणजे जागा धरलेली आहे, याला ‘चोप’ म्हणतात. आपणही तसंच करावं आणि मग रांगेत जावं. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तो नियम आहे. हलाल ट्रेचा कप्पा वेगळा असतो, त्यात दुसऱ्यांचा ट्रे सरकवू नये.

शाकाहारी मंडळींनी ‘भाजी आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. पालेभाजीच्या फोडणीत बलाचान असतं, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. चिनी रोजाक म्हणजे फळं-भाज्यांची कोशिंबीर, तिच्या काळ्या सॉसमध्ये पुन्हा कोळंबीच. रस्सा कोंबडीच्या हाडांचा. खात्रीचा मार्ग म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी टपरी. तिथे मांसासारखे दिसणारे तुकडे सोयाचे किंवा गव्हाच्या सत्त्वाचे असतात, आणि कांदा-लसूणही बहुधा नसतो. अंडं मात्र कधी कधी असतं, ते विचारावं. जेवण पाच ते आठ डॉलरांत होतं.

कॉफीची भाषाही पाठ करावी. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर तळाशी घट्ट गोड डबाबंद दूध. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, पण साखर घातलेली. ‘कोपी सी’ म्हणजे गोड नसलेलं आटीव दूध आणि वरून साखर. ‘कोसोंग’ म्हणजे बिनसाखरेची, ‘सिउ दाय’ म्हणजे साखर कमी, ‘पेंग’ म्हणजे बर्फ. चहाला ‘कोपी’च्या जागी ‘ते’. आपल्याकडच्या आल्याच्या चहाची तलफ आली तर ‘ते हालिया’ मागायचा.

दुपारी दोन ते चार कांपोंग ग्लाम या जुन्या मलय-अरब पेठेतली सुलतान मशीद पाहुण्यांना खुली असते (सकाळी दहा ते बाराही असते, पण ती वेळ आपण वॉटर्लू स्ट्रीटला दिली). अल्बर्ट सेंटरपासून चालत पंधरा मिनिटं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नसतील तर दारात झगा मिळतो. नमाजाच्या दिवाणखान्यात जाता येत नाही, कडेने पाहायचं. मूळ मशीद १८२० च्या दशकातली, आजची इमारत १९३२ मध्ये पुरी झाली. बाहेर आल्यावर सोनेरी घुमटाच्या खालच्या काळ्या पट्ट्याकडे नीट पाहा. ते काचेच्या बाटल्यांचे बूड आहेत, ओळीने बसवलेले. गरिबांनाही मशिदीला काही देता यावं म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या होत्या.

मशिदीसमोरच्या बसोरा स्ट्रीटवर आणि अरब स्ट्रीटवर अत्तरं, गालिचे, बाटिकचे तागे. हाजी लेन फोटोंत दिसते त्यापेक्षा खूपच अरुंद आणि छोटी आहे, वीस मिनिटं पुष्कळ. रात्रभर विमानात अवघडून आलेल्या माणसाने आठला झोपावं. इथे सूर्य सातला उगवतो आणि सातलाच मावळतो, उजाडण्याआधी उठून काही फायदा नाही.

शुक्रवार: तेलोक आयर, चायनाटाउन, मग खाडीकाठ

साडेआठला तेलोक आयर स्टेशन. तेलोक आयर स्ट्रीट हा एकेकाळचा समुद्रकिनारा. १८८० च्या दशकात भर घातली आणि समुद्र लांब गेला. जहाजातून सुखरूप उतरलेला माणूस प्रथम इथेच हात जोडायचा, म्हणून सगळ्यांची देवस्थानं एका ओळीत आहेत. चीनच्या फुजियानमधून आलेल्यांचं थियान हॉक केंग, १८३९ ते १८४२ मध्ये बांधलेलं, समुद्रदेवी माझूचं. लाकडाला लाकूड खाचेत बसवलंय, खिळा नाही. बाहेरचे लोखंडी कठडे मात्र ग्लासगोहून आलेले. त्याच ओळीत नागोर दर्गा, १८२८ ते १८३० मधला. तमिळनाडूतल्या नागोरच्या शाहुल हमीद यांच्या दर्ग्याची आठवण म्हणून कोरोमांडल किनाऱ्यावरच्या चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी तो उभारला. आत कोणी पुरलेलं नाही, ही नुसती स्मृती आहे. आणखी थोडं पुढे अल-अब्रार मशीद. आज शुक्रवार, ती बाहेरूनच.

१८२२ मध्ये सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने नगररचनेच्या समितीला सूचना दिल्या आणि जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा काढला. चिनी इथे, चुलिया तिथे, अरब आणि सुलावेसी बेटावरचे बुगी पलीकडे, अशी जातवार वाटणी. नकाशा तसा झाला, माणसं मात्र या एका रस्त्यावर एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसली. त्याच सूचनांतला एक नियम आजही रोज कामी येतो: प्रत्येक दुकानापुढे पाच फूट रुंदीची छपराखालची वाट सोडायची. जुन्या पेठांत ऊन असो की पाऊस, या ‘फाइव्ह-फूट वे’तूनच चालावं. छत्री लागते ती फक्त रस्ता ओलांडताना.

दहा-सव्वादहाला निघून साउथ ब्रिज रोडवरचं मारिअम्मन देऊळ. स्थापना १८२७, सिंगापूरमधलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ, आणि आहे ते चायनाटाउनच्या मधोमध. शेजारच्या गल्लीला पगोडा स्ट्रीट नाव पडलं ते याच देवळाच्या गोपुरावरून. सव्वाअकरापर्यंत आत निवांत बसता येतं.

पुढचा मुद्दा पोटाचा. मॅक्सवेल फूड सेंटर पाच मिनिटांवर आहे. तिथे साडेअकराला पोहोचायचं, बाराला नाही. बारा ते दीड आजूबाजूच्या कचेऱ्या रिकाम्या होतात आणि टेबल मिळत नाही. समोरच बुद्धाच्या दाताचं देऊळ, २००७ चं. जुनं नाही, पण दुपारीही उघडं असतं, आणि थंडगार. बाहेर एकतीस-बत्तीस अंश आणि वर दमट, आत वातानुकूलन. हा फरकच पहिल्या दोन दिवसांत लोकांना सर्दी देतो, पिशवीत एक ओढणी किंवा पातळ जॅकेट असू द्यावं. पाऊस येतो तो बहुधा दुपारी, धो धो, आणि तासाभरात थांबतो. त्या वेळेत खोलीवर जाऊन पाय वर करून पडावं. दुपारी दोन ते चार उन्हात फिरण्याचा हट्ट हा या शहरातला सर्वांत वाया जाणारा वेळ.

चारला सिटी हॉल. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५६ ते १८६१ मध्ये बांधलं गेलं, भारतातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांच्या हातांनी. मद्रास आणि बंगालबरोबर मुंबई इलाख्यातूनही असे कैदी या वसाहतीत येत. भिंतींचा पांढरा गिलावा मद्रासी चुन्याचा: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि भरड साखर यांची लगदी, त्यात नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी. सुकल्यावर घासघासून चकाकी आणायची. बाहेरूनही तो गुळगुळीतपणा दिसतो.

पुढे एम्प्रेस प्लेसला एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम. दीड तासात तळमजल्यावरचं चीनच्या तांग घराण्याच्या काळात बुडालेल्या जहाजाचं दालन नीट पाहावं, बाकी धावत. सव्वासहाला बाहेर पडून शेजारच्या एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा. मूळ स्मारकाची कोनशिला सुभाषबाबूंनी जुलै १९४५ मध्ये बसवली. इंग्रज परतल्यावर माउंटबॅटनच्या हुकमाने ते उडवून दिलं. आज आहे ते १९९५ चं चिन्ह. बाजूचं पाडांग मैदान म्हणजे १९४३ च्या जुलैमध्ये ‘चलो दिल्ली’ची हाक दिली गेली ते. झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटण याच शहरात त्याच वर्षी उभी राहिली. मराठी माणसाने ही दहा मिनिटं टाळू नयेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोटारींची रात्रीची शर्यत असते, तेव्हा मात्र हा सगळा भाग कुंपणांत जातो. तो आठवडाच टाळावा, हॉटेलंही दुपटीने महाग होतात.

अंधार पडता पडता पूल ओलांडून मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला पुतळा. तो ८.६ मीटरचा आहे, मनात मोठा पुतळा धरून गेलेल्यांची निराशा होते. मरिना बे सँड्स हॉटेलसमोरचा पाण्याचा खेळ आठला आणि नऊला असतो, शुक्रवार-शनिवारी दहालाही. तो मर्लायनकडून बघू नये. पाण्याच्या पडद्यावरची चित्रं पलीकडून नीट दिसत नाहीत. खाडीला वळसा घालून वीस-पंचवीस मिनिटं चालत हॉटेलसमोरच्या पायऱ्यांवर बसावं. परत बेफ्रंटहून दोन स्टेशनं.

शनिवार: टेक्का ते बागा

सकाळी आठला टेक्का सेंटर. खाली ओला बाजार, एका अंगाला खाण्याच्या टपऱ्या. बाजार बारापर्यंत आवरतो. केळफूल, शेवगा, पडवळ, अळू आणि शेजारी चिनी मोहरीच्या जुड्या, सगळं एका ओट्यावर. बाजाराला लागून बफेलो रोड, आणि पलीकडे केरबाउ रोड. केरबाउ म्हणजे मलयमध्ये म्हैसच. इथे गुरांचा व्यापार चालत असे, त्याची ही दोन भाषांतली दोन नावं.

नाश्त्याला रोटी प्राटा: कोसोंग म्हणजे साधा, नाहीतर अंड्याचा किंवा कांद्याचा. सोबत येणारी कढी बहुधा माशाची किंवा मटणाची असते. वाटी पुढे येण्याआधी ‘डाल’ म्हणून सांगावं.

केरबाउ रोडवरचं रंगीबेरंगी दारं-खिडक्यांचं घर तान तेंग निआह या मिठाईच्या कारखानदाराचं, १९०० चं. लिटल इंडियात उरलेला हा एकच जुना चिनी बंगला. इथले फोटो नऊच्या आत, मग माणसंच जास्त येतात. वीरमाकालिअम्मनचं देऊळ बाराच्या आधी, आणि कॅम्बेल लेनवरचं इंडियन हेरिटेज सेंटर नंतर. जेवायला सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, पूर्ण शाकाहारी. पण चारही दिवस तिथेच जेवायला जाणार असाल तर चेन्नई स्वस्त पडलं असतं.

साडेतीनला बोटॅनिक गार्डन्स. बाग १८५९ ची, फुकट, आणि २०१५ पासून जागतिक वारसा. याच बागेत हेन्री रिडलीने रबराच्या झाडाला न मारता चीक काढायची तिरक्या चिरांची पद्धत बसवली आणि मलायाचं नशीब पालटलं. स्टेशन उत्तरेच्या टोकाला आहे, ऑर्किडची बाग मध्यावर, वीस मिनिटं चालत. तिला तिकीट आहे आणि सहानंतर आत सोडत नाहीत. ती पाहून उत्तरेला परत फिरू नये. तसंच पुढे दक्षिणेला जाऊन टांगलिन फाटकाने बाहेर पडावं. तिथे नेपियर स्टेशन, तपकिरी लाइन, आणि गाडी न बदलता थेट गार्डन्स बाय द बे. विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला तर झाडाखाली नाही, छपराखाली जायचं.

सुपरट्री म्हणजे इथली उंच कृत्रिम झाडं, त्यांचा दिव्यांचा खेळ ७.४५ आणि ८.४५ ला, फुकट. झाडांच्या खाली आधीच जागा धरून पाठीवर आडवं व्हावं, उभ्याने मान दुखते. काचेच्या दोन घुमटांपैकी एकच परवडत असेल तर क्लाउड फॉरेस्ट घ्यावं.

लिटल इंडियातल्या मुस्तफा या भल्यामोठ्या दुकानात जायचंच असेल तर आज रात्री नऊनंतर, दुपार त्यात घालवू नये. १०० डॉलरांच्या वर खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून कर परतीची नोंद करून घ्यावी, दर ९ टक्के आहे. हॉटेलांच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवा आणि त्यावर ९ टक्के कर असं बिल येतं. वेगळी टिप द्यायची पद्धत नाही.

रविवार: काटोंग आणि घरी

नऊला खोली सोडून बॅगा काउंटरवर. हिरव्या लाइनीने चौथं स्टेशन पाया लेबार. तिथून गेलांग सेराईच्या मलय बाजारावरून जू चिआट रोडने दक्षिणेला चालत जावं. हा पेरानाकानांचा भाग: मलय मुलखात पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांचे वंशज, पोशाख आणि मसाला मलय, पूर्वजांची पूजा चिनी. कून सेंग रोडवर त्यांची फिक्या गुलाबी, पिस्ता, निळ्या रंगांची घरं ओळीने उभी आहेत. पुढून अरुंद, आत लांबच लांब. दाराबाहेर कमरेपेक्षा थोडं उंच, नक्षीचं दुपाखी अर्धं दार असतं, ते लोटून ठेवलं की वारा आत येतो आणि रस्त्यावरची नजर बाहेर राहते. लोक इथे राहतात. पायऱ्यांवर बसून फोटो काढू नयेत.

या भागात काटोंग लाक्सा प्रसिद्ध, म्हणजे नारळाच्या दुधातल्या झणझणीत रश्शातल्या शेवया. शेवया कापलेल्या असतात, चमच्यानेच खायचा, पण त्यात सुकी कोळंबी पक्की. शाकाहाऱ्यांनी ओंदे-ओंदे घ्यावं. चिकट तांदळाच्या पिठाची, पानदान नावाच्या सुवासिक पानांनी हिरवी झालेली गोळी, आत माडाचा गूळ, वर ओला खवलेला नारळ: उकडीचा मोदक उलटा केल्यासारखा. गोळी अख्खी तोंडात टाकून ओठ मिटायचे आणि मगच चावायचं. अर्धी तोडली तर पातळ झालेला गूळ समोरच्याच्या सदऱ्यावर जातो.

मोदकावरून विषय निघालाच आहे, तर सिलोन रोडवरचं सेनपग विनायगर देऊळ इथून पंधरा मिनिटांवर. चाफ्याच्या झाडाखाली, तळ्याच्या काठी गणपतीची मूर्ती सापडली, तिच्याभोवती श्रीलंकेच्या तमिळांनी हे देऊळ उभं केलं. नावातलं ‘सेनपग’ म्हणजे चाफाच. बाराच्या आत पोहोचायचं, हे आता सांगायला नको.

दोनपर्यंत बॅगा घेऊन विमानतळाकडे. कर परतीच्या वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असतील तर बॅग देण्याआधी यंत्रावर नोंद करावी, कारण वस्तू पाहायला मागू शकतात. मग ज्यूएल. धबधबा आता चालू असतो, टर्मिनल १ मधून थेट दार आहे. टर्मिनल ४ चं विमान असेल तर बसने जायला अर्धा तास हाताशी ठेवावा.

घरच्यांसाठी कायाची बरणी, म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि पानदानचा तो मुरंबा, बहुतेक जण शेवटी घेतात आणि हातातल्या पिशवीत टाकतात. तपासणीत तो द्रव पदार्थ धरला जातो, १०० मिलिलिटरच्या वरची बरणी काढून घेतात. टर्मिनल ४ सोडलं तर ही तपासणी थेट विमानाच्या गेटपाशी होते, आणि मोठी बॅग तोवर कधीच खाली गेलेली असते.